मुदत वाढवायचं संपलं, मग आता कॉपीराइट-पेटंटचं भांडण नक्की कशावर चाललंय?

तळटीप
एआयच्या धाग्यावर कॉपीराइटची चर्चा पार भरकटली, म्हणून इथे वेगळी मांडतोय. मी वकील नाही. संपादनाच्या कामामुळे कॉपीराइटशी रोजचा संबंध, पेटंटचं वाचन निव्वळ हौस म्हणून. जाणकारांनी हक्काने कान पिळावेत.

माझं म्हणणं असं की तीनशे वर्षं या कायद्यातली सुधारणा म्हणजे एकच, मुदत वाढवा आणि हक्क रुंद करा. तो प्रकार आता जवळपास थांबलाय आणि खरी ओढाताण गेलीये अपवादांवर, म्हणजे कुणाला कशासाठी न विचारता वापरता येईल ते जे कलम असतं त्याच्यावर. कायदा कुठल्या दिशेला चाललाय हे कळायचं असेल तर हक्कांची पानं सोडा आणि अपवादांची वाचा.

मुदतीचा इतिहास बघा. इंग्लंडचा १७१० चा कायदा, नव्या पुस्तकाला १४ वर्षं, लेखक तोवर जिवंत असेल तर आणखी १४. प्रकाशकांना ते पचलं नाही, ते म्हणे आमचा हक्क या कायद्याच्या आधीपासूनचा आणि कायमचा, मग ते भांडण १७७४ पर्यंत रेंगाळलं आणि डोनाल्डसन विरुद्ध बेकेट खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने तो कायमचा हक्क निकालात काढला. अमेरिकेने १७९० ला तेच १४ अधिक १४ उचललं. १८३१ ला २८ अधिक १४ झालं, १९०९ ला २८ अधिक २८, १९७६ ला लेखकाचं आयुष्य अधिक ५०, १९९८ ला अधिक ७०, आणि हक्क कंपनीचा असेल तर प्रकाशनापासून ९५.

१९९८ ची वाढ आधीच छापून झालेल्या पुस्तकांनाही दिली हे सगळ्यात भारी. १९२३ साली पुस्तक लिहून मोकळा झालेला माणूस १९९८ मध्ये मिळालेल्या प्रोत्साहनाने काय करणार, मागे जाऊन अजून दोन प्रकरणं लिहिणार? एल्ड्रेड विरुद्ध अ‍ॅशक्रॉफ्ट खटल्यात १७ अर्थशास्त्रज्ञांनी कोर्टाला साधारण हेच लिहून दिलं होतं, त्यातले पाच नोबेलवाले, आणि एक तर मिल्टन फ्रीडमन, ज्याला कुणी डावा म्हणणार नाही. तरी २००३ ला ७ विरुद्ध २ मतांनी वाढ टिकली. मुदत किती ठेवायची ते काँग्रेस (तिथली संसद) ठरवेल, आम्ही त्यात पडणार नाही असा एकूण सूर.

आणि फक्त अमेरिकेला नावं ठेवायला नको. टागोर १९४१ ला गेले, तेव्हाच्या ५० वर्षांच्या हिशोबाने १९९१ च्या शेवटी त्यांचं साहित्य खुलं होणार होतं, तर ऐन वेळी वटहुकूम काढून भारताने ५० चे ६० केले. सगळ्याच लेखकांना ती वाढ मिळाली, पण घाई कुणासाठी होती ते उघड आहे.

आता गंमत बघा, २०१८ संपताना अमेरिकेत पुन्हा वाढवायची वेळ आली होती आणि कुणी फारसा जोरच लावला नाही. १ जानेवारी २०१९ ला १९२३ ची पुस्तकं खुली झाली, वीस वर्षांत पहिल्यांदा. २०२४ ला मिकी माऊसचं १९२८ चं पहिलं रूप सुद्धा सुटलं. दर जानेवारीत एकेक वर्ष सुटतंय आणि आकाश कोसळलेलं नाही.


भुंगा७
वाचतोय. मिकी सुटला तेव्हा आठवड्याभरात त्याचे हॉरर पिक्चर जाहीर झाले होते, त्याला आकाश कोसळणं म्हणत नसतील तर ठीक :)


वाळवंटी_उंट
तळटीपराव, लेख आवडला पण मूळ विधानच पटलं नाही. थांबलंय कुठे? कॅनडाने २०२२ च्या शेवटी ५० ची ७० केली. जपानने २०१८ च्या शेवटी केली. न्यूझीलंडने युरोपशी करार करताना ७० कबूल केलीये. वाढ चालूच आहे, फक्त ती आता संसदेत भाषणं करून होत नाही, व्यापार करारात एका ओळीत होते. शेतमाल आणि मोटारींच्या कराच्या वाटाघाटीत कॉपीराइटची वीस वर्षं सुटे पैसे दिल्यासारखी देऊन टाकतात, आणि मग संसदेला सांगतात की आता आंतरराष्ट्रीय बांधिलकी आहे बाबा, काही करता येत नाही.

जपानचा किस्सा तर वाचण्यासारखा आहे. पॅसिफिक देशांच्या त्या मोठ्या करारात ७० वर्षांचं कलम अमेरिकेच्या आग्रहाने घातलं होतं. २०१७ ला अमेरिकाच बाहेर पडली, उरलेल्या ११ देशांनी ते कलम गोठवलं, म्हणजे वाढवायची सक्ती उरलीच नाही. तरी जपानने वाढवली!

दुसरं म्हणजे मुदत कमी करायचा रस्ताच बंद आहे. बर्न या आंतरराष्ट्रीय कॉपीराइट करारात आयुष्य अधिक ५० ही किमान पातळी आहे, १८८६ चा करार, आणि ट्रिप्स या बौद्धिक संपदेच्या कराराने १९९५ पासून तीच पातळी डब्ल्यूटीओच्या, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेच्या, शिस्तीत आणून बसवली. वर जायला जिना आहे, खाली यायला नाही. त्यामुळे तुम्ही ज्याला लढाई संपली म्हणताय ती एक बाजू जिंकून संपलीये, असं म्हणा.


तळटीप
@वाळवंटी_उंट, जिंकून संपली हे मान्य, किंबहुना माझा मुद्दा त्यानेच पक्का होतो. मुदतीत खाली यायला जागा नाही म्हणूनच सगळा दाब अपवादांवर आलाय. नदी अडवली की ती बाजूने वाट काढते तसं. पण तिथेही बर्नने कुंपण घातलंय, १९६७ पासूनची ती तीन टप्प्यांची कसोटी, म्हणजे अपवाद विशिष्ट प्रकरणापुरता हवा, त्याने कृतीच्या नेहमीच्या विक्रीत आडवं येता कामा नये आणि लेखकाच्या हिताला अवाजवी धक्का लागता कामा नये. सगळ्या देशांचे वकील गेली पन्नास वर्षं या तीन ओळींवर पोट भरतायत.


रेवा_म
माझा प्रश्न जरा खालच्या पातळीवरचा आहे, चालेल ना? मी भाषांतर करते. एक जुनी कादंबरी, लेखिका जाऊन बरीच वर्षं झाली पण मुदत संपायला अजून अवकाश आहे. प्रकाशन संस्था बंद पडलेली, वारस कोण ते कुणालाच ठाऊक नाही. जिच्याकडे हक्क असावेत असं वाटलं त्या दुसऱ्या संस्थेने आधी उत्तरच दिलं नाही, मग म्हणाले आमच्याकडे नाहीत, मग म्हणाले असू शकतील पण कागद सापडत नाहीत. पुस्तक बाजारात नाही, कुणाला त्यातून दमडी मिळत नाहीये आणि तरी मी हात लावू शकत नाही. तुमच्या त्या अपवादांत माझ्यासाठी काय आहे?


तळटीप
रेवाताई, खालच्या पातळीवरचा कसला, मला विचाराल तर सगळ्या सुधारणांत जास्त गरजेची आणि सगळ्यात रखडलेली गोष्ट हीच आहे. याला अनाथ कृती म्हणतात. मुदत वाढत गेली तसा हा ढीग वाढला कारण सत्तर वर्षांनी वारसांचे पत्ते कोण ठेवतं? त्यात बर्न करारात १९०८ पासून नियम आहे की हक्क मिळायला नोंदणीची अट घालता येत नाही. लेखकासाठी ते सोयीचं, पण त्यामुळे कुठल्याच वहीत मालकाचं नाव सापडेल याची खात्री नाही.

वेगवेगळ्या देशांनी वेगवेगळे उपाय केलेत. कॅनडात मालक सापडत नाही हे दाखवलं की तिथला कॉपीराइट बोर्ड स्वतः लायसन्स देतो, पैसे बाजूला ठेवायचे, मालक उगवला तर त्याला. युरोपने २०१२ ला निर्देश काढला पण तो ग्रंथालयं, संग्रहालयं, अभिलेखागारं वगैरेंपुरता, आणि त्यात प्रत्येक पुस्तकासाठी शोध घेतल्याचे एवढे पुरावे ठेवावे लागतात की संस्थांनी तो फारसा वापरलाच नाही. अमेरिकेत २००८ ला सिनेटमध्ये विधेयक मंजूर झालं, प्रतिनिधीगृहात मेलं. फोटोग्राफर मंडळी कडाडून विरोधात होती आणि त्यांचं चुकीचंही नव्हतं, इंटरनेटवर फोटोखालचं नाव कापलं की कुठलाही फोटो दोन मिनिटांत अनाथ करता येतो.

माझ्या मते यातलं शहाणपणाचं मॉडेल नॉर्डिक देशांचं. तिथे १९६० च्या दशकापासून अशी पद्धत आहे की लेखकांची मोठी प्रातिनिधिक संघटना करार करते आणि तो करार सदस्य नसलेल्यांनाही लागू होतो, नको असेल त्याने कळवून बाहेर पडायचं. याच जोरावर नॉर्वेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २००० सालापर्यंतची नॉर्वेजियन पुस्तकं तिथल्या वाचकांना ऑनलाइन खुली केली. एकेका वारसाला शोधत बसले असते तर अजून पहिल्या कपाटावरच असते. युरोपने २०१९ च्या निर्देशात हेच तत्त्व बाजारात नसलेल्या पुस्तकांसाठी घेतलं, उशिरा का होईना.

भारतीय कायद्यात तुमच्यासाठी कलम ३१अ आहे. आधी ते अप्रकाशित भारतीय कृतींपुरतं होतं, २०१२ च्या दुरुस्तीने प्रकाशित कृतीही आल्या, भाषांतर त्यात आधीपासूनच होतं. देशभर खप असलेल्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यायची, ज्या भाषेत भाषांतर करायचंय त्या भाषेतल्या दैनिकातही द्यायची, मग अर्ज. पूर्वी हे बौद्धिक संपदेच्या अपील मंडळाकडे जायचं, २०२१ ला ते मंडळच बरखास्त झालं, तेव्हापासून व्यापारी न्यायालयाकडे. एका कादंबरीसाठी कोण करणार हे सगळं, हा तुमचा पुढचा प्रश्न असेल आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही.


रेवा_म
हो तोच होता :( मानधनापेक्षा जाहिरातींचा खर्च जास्त होईल हो. पण कलमाचा आकडा मिळाला, धन्यवाद, वकील मैत्रिणीला विचारते.


सौ_शंकेखोर
मी पेटंटच्या क्षेत्रात काम करते, अर्ज लिहिणं आणि हरकती लढवणं दोन्ही. तळटीप यांचं अपवादांचं सूत्र पेटंटला लागू होत नाही, तिथे गाडी वेगळ्याच रुळावर आहे म्हणून लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं, ट्रिप्समुळे जगभर जवळजवळ सारखी. १६२४ च्या इंग्रजी कायद्यात १४ होती, म्हणजे चारशे वर्षांत वाढ ती केवढी, सहा वर्षं! कॉपीराइटवाल्यांनी हेवा करावा. (औषधांना काही देशांत मंजुरीला लागलेल्या वेळेची भरपाई मिळते, ती वेगळी.) म्हणून ज्याला मुदत लांबवायचीये तो कायदा बदलायला जात नाही, तो दुसरं पेटंट काढतो. आधी रेणूवर, मग त्याच्या क्षारावर, स्फटिकावर, डोसावर, टोचायच्या पेनवर. सांधेदुखीवरच्या त्या हुमिराचं उदाहरण घ्या. अमेरिकेत मूळ पेटंट २०१६ ला संपलं, पण भोवती शंभराहून जास्त पेटंटांचं कुंपण होतं. युरोपात स्वस्त पर्याय ऑक्टोबर २०१८ ला आले, अमेरिकेत जानेवारी २०२३ ला. औषध तेच बरं का. यावर मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावाही झाला, २०२२ ला अपील कोर्ट म्हणालं की पुष्कळ पेटंट असणं यात बेकायदेशीर काय आहे?

म्हणून पेटंटमधली खरी सुधारणा उंबरठ्यावर होते, मुळात शोध कशाला म्हणायचं त्या प्रश्नावर. आणि तिथे सगळ्यात जास्त अभ्यासलं गेलेलं कलम भारताचं आहे, ३(ड). २००५ ला ट्रिप्समुळे औषधांना पुन्हा उत्पादन-पेटंट देणं भाग पडलं (१९७० च्या कायद्यात औषधाच्या फक्त प्रक्रियेला पेटंट होतं, आपला जेनेरिक उद्योग त्यावरच उभा राहिला) तेव्हा संसदेने हे कलम घट्ट केलं, की माहीत असलेल्या पदार्थाचं नुसतं नवं रूप चालणार नाही, त्याने परिणामकारकता वाढल्याचं दाखवा. ग्लिव्हेक या ब्लड कॅन्सरच्या औषधाच्या केसमध्ये १ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे उपचारातली. शरीरात जास्त शोषलं जातं एवढ्याने भागत नाही, त्याने रोग्याला जास्त गुण येतो हे दाखवा. तेव्हा परदेशी अग्रलेखांतून काय काय ऐकावं लागलं! फिलिपिन्सने तर असंच कलम २००८ लाच घेतलं होतं.

माझ्या दृष्टीने याहून महत्त्वाची सोय म्हणजे पेटंट मिळण्याआधीची हरकत, कलम २५(१). कुणीही घेऊ शकतो. बेडाक्विलिन हे औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवरचं औषध, त्याच्या क्षारावरच्या पेटंटला टीबीतून बऱ्या झालेल्या दोघींनी हरकत घेतली, एक भारतातली, दुसरी दक्षिण आफ्रिकेतली. मार्च २०२३ ला तो अर्ज फेटाळला गेला. मिळाला असता तर मक्तेदारी २०२७ पर्यंत गेली असती, तो फेटाळला म्हणून जुलै २०२३ ला मूळ पेटंट संपताच रस्ता मोकळा.

आणि आता २०२४ च्या नियमांत काय केलं, तर त्या हरकतीला फी लावली आणि हरकत ऐकण्यालायक आहे का हे पेटंट ऑफिसच्या कंट्रोलरने आधी ठरवायचं. शिवाय पेटंट खरंच वापरात आहे का याचं निवेदन दरवर्षी द्यावं लागायचं ते तीन वर्षांतून एकदा. नावं बदलून एकच माणूस दहा हरकती टाकतो आणि अर्ज वर्षानुवर्षं लोंबकळतो हे मी स्वतः बघितलंय, त्यामुळे काहीतरी करणं गरजेचं होतं हे मान्य. पण ते निवेदन विरळ करायला नको होतं. २०१२ चं ते एकमेव सक्तीचं लायसन्स आठवतंय का, नेक्साव्हार, किडनी आणि यकृताच्या कॅन्सरचं औषध, किंमत ९७ टक्क्यांनी उतरली होती. त्या केसमध्ये औषध किती जणांपर्यंत पोचतंय हे दाखवायला त्याच निवेदनातले आकडे कामी आले. मोठा कायदा कुणी बदलला नाही, एक फॉर्म तीन वर्षांतून एकदा केला. आमच्या धंद्यात सुधारणा अशी येते, पेपरात चौकटसुद्धा येत नाही.


गंप्या
+१००, काय प्रतिसाद आहे ताई. सेव्ह करून ठेवला.

सॉफ्टवेअरवाल्यांच्या वतीने माझे दोन शब्द. उंबरठ्याचा मुद्दा आम्हाला सगळ्यात जास्त लागू. २०१४ च्या अ‍ॅलिस निकालाआधी अमेरिकेत कुठलाही जुना व्यवहार घ्यायचा आणि पुढे 'कॉम्प्युटरवर' लिहायचं की झालं पेटंट. अ‍ॅलिसमध्ये कोर्टाने एकमताने सांगितलं की अमूर्त कल्पना ती अमूर्त कल्पनाच, साध्या कॉम्प्युटरवर चढवल्याने तिचा शोध होत नाही. त्याआधी त्रास काय होता विचारू नका, नुसती पेटंट विकत घेऊन नोटिसा पाठवणाऱ्या कंपन्या, स्वतः काही बनवत नाहीत, त्यांनाच ट्रोल म्हणतात. २०१५ ला तर अमेरिकेतले ४० टक्क्यांहून जास्त पेटंट दावे पूर्व टेक्सासच्या एकाच जिल्हा कोर्टात दाखल झाले होते कारण तिथली हवा दावा करणाऱ्याला मानवायची, २०१७ च्या टीसी हार्टलँड निकालाने ती सोय बंद केली.

युरोपात तर ६ जुलै २००५ ला सॉफ्टवेअर पेटंटचा निर्देश संसदेने ६४८ विरुद्ध १४ ने उडवला. सहाशे अठ्ठेचाळीस विरुद्ध चौदा!! तरी युरोपियन पेटंट ऑफिस 'तांत्रिक परिणाम' दाखवला की देतंच. आपल्याकडे कॉम्प्युटर प्रोग्रॅमला पेटंट नाकारणारं ३(के) आहे, त्यातला तो 'पर से' (म्हणजे निव्वळ प्रोग्रॅम म्हणून) शब्द, त्याच्या जोरावर दर काही वर्षांनी मार्गदर्शक तत्त्वं बदलतात.


वाळवंटी_उंट
सगळे एकाच बाजूला बसलेत म्हणून दुसरी मांडतो. अ‍ॅलिसनंतर अमेरिकेत कुठल्या गोष्टीला पेटंट मिळेल हे धड जजलाही सांगता येत नाही. २०१२ चा मेयो निकाल आणि अ‍ॅलिस मिळून रोगनिदानाच्या चाचण्यांची पेटंट धडाधड पडली. नवी चाचणी शोधायला दहा वर्षं घालवायची आणि कोर्ट म्हणणार हा तर निसर्गनियम आहे. हे दुरुस्त करायला तिथे विधेयक पुन्हा पुन्हा येतंय आणि लटकतंय.

आणि २०११ च्या कायद्याने पेटंट मिळाल्यावर ते ऑफिसातच रद्द करून घ्यायची जी स्वस्त प्रक्रिया आणली ती ट्रोलविरुद्ध म्हणून आणली, पण ती सगळ्यात जास्त वापरतात कोण, तर मोठ्या टेक कंपन्या. एकट्यादुकट्या संशोधकाचं पेटंट असेल तर ते एकामागून एक अर्ज टाकून त्याला दमवतात. उंबरठा उंच केला की गरिबाला फायदा होतो हे गृहीतक औषधांत खरं असेल, सगळीकडे नाही.


सौ_शंकेखोर
@वाळवंटी_उंट, निदान चाचण्यांबद्दल तुमच्याशी बऱ्यापैकी सहमत. ट्रोलसाठीचा नेमका उपाय मात्र २००६ च्या ईबे निकालातच होता, पेटंटभंग सिद्ध झाला म्हणून आपोआप मनाई हुकूम मिळणार नाही. जो स्वतः काही बनवतच नाही त्याला मनाई हुकूम मागताना अडचण येते, पैसे घे म्हणतं कोर्ट. निम्मी हवा तिथेच गेली. युरोपच्या नव्या एकत्रित पेटंट कोर्टाने (१ जून २०२३ पासून, सध्या १८ देश) मात्र मनाई हुकूम सढळ ठेवलाय, त्यामुळे बरेच दावे तिकडे सरकतायत.


सहावा_ठिपका
उशिरा आलो. तळटीप यांनी अपवादांवर धागा काढला आणि अजून मराकेशचं नाव नाही म्हणून लिहायला बसलो. मी स्क्रीन रीडरवर वाचतो, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी वाचनाचाच आहे.

आधी परिस्थिती अशी होती की एका देशातल्या संस्थेने एखाद्या पुस्तकाची ब्रेल किंवा बोलती प्रत तिथल्या अपवादाखाली केली तरी ती सीमेपलीकडे पाठवता यायची नाही, कारण अपवाद त्या देशापुरता. म्हणजे तेच स्पॅनिश पुस्तक स्पेनमध्ये एकदा करा, अर्जेंटिनात पुन्हा करा, मेक्सिकोत पुन्हा करा, आणि पैसा आधीच कुणाकडे नाही. २०१३ च्या जूनमध्ये मराकेशला करार झाला की अंध आणि छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी न विचारता प्रत करता येईल, आणि मुख्य म्हणजे देशांदेशांत पाठवता येईल. सगळ्यात आधी मंजूर करणारा देश भारत, २०१४. वीस देश झाल्यावर ३० सप्टेंबर २०१६ ला लागू. युरोपीय संघ २०१८ ला आला, अमेरिका २०१९ ला.

असा अख्खा अपवादासाठीचाच करार आंतरराष्ट्रीय कॉपीराइटमध्ये पहिल्यांदाच झाला. तोवरचे करार मुख्यतः हक्क किमान किती द्यायचे ते सांगायचे, अपवाद बहुतेक ठेवायचे तर ठेवा. हा करार म्हणतो अपवाद ठेवलाच पाहिजे. विरोध कुणी केला ऐका, पुस्तकांच्या करारात सिनेमावाले येऊन बसले होते, कारण एकदा हे दार उघडलं की उद्या दुसरं कुणी येईल ही भीती. शेवटी सिनेमा बाहेर ठेवूनच करार झाला. म्हणून कर्णबधिर मंडळींना सबटायटलसाठी यातून काही मिळालं नाही, आणि शिक्षण आणि ग्रंथालयांच्या अपवादांची चर्चा वायपोमध्ये (जागतिक बौद्धिक संपदा संघटनेत) अजून चर्चाच आहे.

एक तक्रार उरतेच. करारात देशांना दोन मुभा दिल्यात. पुस्तक आधीच सुगम स्वरूपात वाजवी अटींवर बाजारात मिळत असेल तर अपवाद लागू नाही असं ठरवता येतं, आणि संस्थांनी हक्कदाराला मोबदला द्यावा असंही ठरवता येतं. काहींनी यातलं उचललंय. 'बाजारात मिळतं' हे तपासायचं कोणी, ब्रेल करणाऱ्या तीन माणसांच्या संस्थेने?


भुंगा७
हे माहीतच नव्हतं. सहावा_ठिपका, यावर वेगळा लेख येऊद्या की.


तळटीप
सहावा_ठिपका, मनापासून आभार, मी हे लिहायला हवं होतं त्याहून चांगलं तुम्ही लिहिलंत.

आता एआयचं थोडक्यात, कारण बाकी तिकडच्या धाग्यावर आहे. तिथे 'चोरी' आणि 'चोरी नाही' एवढ्यावरच चाललंय, पण बहुतेक ठिकाणी भांडण अपवादाच्या शब्दांवर आहे. जपानने २०१८ लाच कलम ३०-४ आणलं, कृतीचा आस्वाद घ्यायचा नसेल, नुसतं विश्लेषण करायचं असेल तर वापरा, फक्त हक्कदाराचं अवाजवी नुकसान नको. चॅटबॉट यायच्या चार वर्षं आधी. सिंगापूरने २०२१ ला असाच अपवाद आणला आणि वर सांगितलं की तो करारातल्या अटीने काढून घेता येणार नाही. युरोपच्या २०१९ च्या निर्देशात दोन कलमं, ३ संशोधन संस्थांना, तिथे लेखकाला नाही म्हणता येत नाही, आणि ४ बाकी सगळ्यांना, तिथे नाही म्हणता येतं. अमेरिकेत असा वेगळा अपवादच नाही, फेअर यूजच्या (रास्त वापराच्या) चार कसोट्या आणि जज.

त्याचा परिणाम असा की २०२५ च्या जूनमध्ये एकाच आठवड्यात, कॅलिफोर्नियाच्या एकाच कोर्टातल्या दोन जजनी दोन वेगळी कारणं दिली. अँथ्रोपिकच्या केसमध्ये एक म्हणाले प्रशिक्षण फेअर यूज, पण पायरेटेड पुस्तकांचा साठा करून ठेवणं नाही (ती केस पुढे दीड अब्ज डॉलरला मिटली, पुस्तकामागे साधारण ३००० डॉलर). मेटाच्या केसमध्ये दुसरे म्हणाले मेटा जिंकली खरी, पण फिर्यादींनी बाजार कसा बुडतो तो मुद्दाच नीट मांडला नाही म्हणून. नोव्हेंबरमध्ये तर लंडनच्या कोर्टाने सांगितलं मॉडेल म्हणजे कृतीची प्रत नव्हे आणि आठवड्याभरात म्युनिकचं कोर्ट म्हणालं गाण्याचे शब्द मॉडेलमध्ये पाठ झालेत ती प्रतच.


गंप्या
आणि एआयने लावलेला शोध? त्या डाबस मशीनच्या नावाने एका गृहस्थांनी जगभर अर्ज टाकले होते ना.


सौ_शंकेखोर
अमेरिका, ब्रिटन, युरोप सगळीकडे पडले, संशोधक माणूसच हवा. ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ ला. ऑस्ट्रेलियात एका जजने आधी मान्य केलं, मोठ्या पीठाने २०२२ ला फिरवलं. मिळालं फक्त दक्षिण आफ्रिकेत, कारण तिथे तेव्हा अर्जाची आतून तपासणीच होत नव्हती, कागद पूर्ण असले की शिक्का. तेवढ्या एका शिक्क्यावर किती कॉन्फरन्सा झाल्या देव जाणे.


वाळवंटी_उंट
तळटीपराव, एआयच्या बाबतीत मात्र अपवाद रुंद करणं म्हणजे सुधारणा हे तुमचं गृहीतक मला धोक्याचं वाटतं. मराकेशचा अपवाद वाचू न शकणाऱ्याला मिळाला. कलम ४ चा अपवाद जगातल्या सगळ्यात श्रीमंत कंपन्यांना मिळाला. दोन्ही एकाच तागडीत? आपल्या केंद्र सरकारच्या उद्योग विभागाच्या (डीपीआयआयटी) समितीने डिसेंबर २०२५ मध्ये सुचवलंय की प्रशिक्षणासाठी सगळ्यांना सक्तीचं लायसन्स, लेखकाला नाही म्हणता येणार नाही पण रॉयल्टी मिळेल. मला ते जास्त प्रामाणिक वाटतं.


तळटीप
अपवाद वाढला की सुधारणा असं मी म्हटलेलंच नाही, ओढाताण तिथे गेलीये म्हटलंय. कुणाला मिळतोय हे बघायलाच हवं, त्यात वाद नाही. सक्तीच्या लायसन्सबद्दल मात्र शंका आहे. पैसे वाटणार कोण? हक्कदारांच्या वतीने पैसे गोळा करणाऱ्या सामूहिक संस्था. आणि गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीचे पैसे खुद्द त्यांच्यापर्यंत पोचावेत म्हणून २०१२ ला कायदा बदलावा लागला होता, तेव्हा तो अनुभव ताजाच आहे. नॉर्डिक देशांत ते जमतं कारण तिथल्या संघटनांची वही उघडी असते. इथल्या संघटनांची वही कोण बघणार, एवढं त्या कागदात नीट लिहिलं तर माझी हरकत नाही.


रेवा_म
माझ्या कादंबरीसारख्या अनाथ पुस्तकांची रॉयल्टी मग कुणाच्या खात्यात जाणार? म्हणजे मशीनला ते पुस्तक वाचायला परवानगी, मला भाषांतर करायला नाही?


सौ_शंकेखोर
रेवा, हाच प्रश्न त्या मसुद्यावर हरकत म्हणून पाठव. अगदी याच शब्दांत.


वाळवंटी_उंट
+१, यावर तरी आमचं तिघांचं एकमत.